१८८५चे होकायंत्र आणि भंगारात गेलेले १९४३

१/
जुन्या बाजारातून ‘खजिना’ शोधून काढणाऱ्या चित्रफिती हल्ली रोज समोर येतात. परवा अशाच एका चित्रफितीत निवेदक झळाळते पितळी होकायंत्र हातात धरून सांगत होता की, हे १८८५ सालचे, ब्रिटिश अधिकाऱ्याच्या खिशातले. पुरावा काय? झाकणावर ‘लंडन, १८८५’ असे कोरले आहे! खाली प्रतिक्रियांचा पूर : ‘अंगावर काटा आला’, ‘इतिहास जिवंत झाला’. मी मात्र बिजागरीजवळच्या स्क्रूकडे पाहत होतो. त्याच्या डोक्यावर फुलीच्या आकाराची खाच होती. त्या प्रकारच्या स्क्रूचे पेटंट हेन्री फिलिप्स यांना १९३६ साली मिळाले. मग १८८५मध्ये तो स्क्रू कोणी बसवला?

२/
हे मी उपहासाने लिहीत नाही, कारण पहिला मूर्ख मीच होतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना पुण्याच्या जुन्या बाजारात असेच एक होकायंत्र मी १,८०० रुपयांना घेतले. महिन्याचा मेसचा खर्च त्यात गेला. ते महाविद्यालयात मिरवले, त्यावर छोटेसे भाषणही दिले. शेजारच्या निवृत्त सुभेदारकाकांनी ते हातात घेतले, उलटून पाहिले आणि शांतपणे विचारले, “बाळा, फौजेतल्या वस्तूवर नंबर नाही, बाण नाही, मग हिशेब कोणी ठेवला असेल रे?” त्या एका प्रश्नाने मला जे शिकवले, ते हा धागा तुम्हाला सांगणार आहे.

३/
माझा दावा स्पष्ट मांडतो. जुन्या सैनिकी साहित्याचे साल विक्रेत्याच्या गोष्टीवरून ठरत नाही, ठसठशीत कोरलेल्या आकड्यावरूनही ठरत नाही. ते वस्तूच्या घडणीवरून, साहित्यावरून आणि बारीक ठशांवरून ठरते. हे न शिकता आपण जो ‘वारसा’ गोळा करतो आहोत तो बहुतांशी दिवाणखान्याची सजावट आहे. त्या सजावटीच्या नादात आपल्याच सैनिकांच्या खऱ्या वस्तू किलोच्या भावाने वितळायला जात आहेत. पहिली चूक हास्यास्पद आहे, दुसरी अक्षम्य.

४/
आधी त्या पितळी होकायंत्राचा जन्म पाहू. उत्तराखंडातील रुडकी हे मोजणीच्या उपकरणांचे जुने केंद्र. १८४७ साली तेथे सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सावलीत हा व्यवसाय वाढला. आज तेथील कारागीर जहाजी दुर्बिणी, सेक्स्टंट आणि होकायंत्रांच्या सुबक प्रतिकृती बनवून जगभर पाठवतात. हे कारागीर फसवत नाहीत. ते शोभेची वस्तू शोभेची म्हणूनच विकतात. खोटेपणा पुढच्या साखळीत शिरतो. एक जण ‘मेड इन इंडिया’चे लेबल खरवडतो, दुसरा वस्तू तेजाबात बुडवून काळवंडवतो, तिसरा आजोबांची गोष्ट जोडतो आणि चौथा त्यावर चित्रफीत करतो.

५/
आता सुभेदारकाकांच्या प्रश्नाकडे वळू. सैनिकी वस्तूवर ठसे का असतात? स्मरणिका म्हणून नव्हे. सरकारी माल चोरीला जाऊ नये, निकृष्ट निघाल्यास कंत्राटदाराला जबाबदार धरता यावे, कोठाराला जुना साठा आधी वाटता यावा, यासाठी असतात. ठसा म्हणजे हिशेबवहीतली नोंद, फक्त ती धातूवर किंवा कापडावर केलेली. म्हणून खरा ठसा लहान असतो, आतल्या बाजूला वा तळाशी असतो, पुष्कळदा तिरका आणि अर्धवट उमटलेला असतो. झाकणाच्या मध्यभागी वेलबुट्टीसह साल मिरवण्याची गरज कोणत्याही कोठारप्रमुखाला कधी पडली नव्हती.

६/
ब्रिटिश साम्राज्यात या नोंदीचे मुख्य चिन्ह म्हणजे रुंद बाण, तीन रेघांचा. अर्थ एकच : ही सरकारी मालमत्ता. शतकानुशतके ते चालत आले, त्यामुळे नुसत्या बाणाने काळ कळत नाही, पण पुष्कळदा देश कळतो. ‘सी’ अक्षराच्या पोटात बाण असेल तर कॅनडा. दोन ‘डी’ अक्षरांच्या मध्ये बाण असेल तर ऑस्ट्रेलिया. ‘एन’ आणि ‘झेड’च्या मध्ये असेल तर न्यूझीलंड. ‘यू’च्या पोटात असेल तर दक्षिण आफ्रिका. आणि बाणाबरोबर ‘आय’ असेल तर क्षणभर थांबा. तो ‘आय’ म्हणजे इंडिया. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

७/
दोन बाण टोकाला टोक भिडवून उमटवलेले दिसले, तर ती वस्तू सेवेतून बाद करून अधिकृतपणे विकली गेली आहे. काही वस्तूंवर राजमुकुट आणि आद्याक्षरे असतात. राणी व्हिक्टोरियाचे ‘व्ही. आर.’ जानेवारी १९०१ला संपते. त्यानंतर एडवर्ड, आणि १९१०पासून जॉर्ज. भारतात बनलेल्या काही साहित्यावर ‘जी. आर. आय.’ अशी अक्षरे आढळतात. त्यातला शेवटचा ‘आय’ इम्पेरेटरचा, म्हणजे सम्राटाचा. तो बाणाबरोबरचा ‘आय’ समजू नका. सिंहमुद्रा दिसली तर वस्तू प्रजासत्ताकाच्या काळातली, कारण ते राजचिन्ह २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारले गेले.

८/
कालनिर्णयाचा सर्वांत उपयोगी नियम पुरातत्त्वाच्या पहिल्याच वर्षात शिकवतात. एखाद्या थरातील सर्वांत अलीकडची वस्तू तो थर जास्तीत जास्त किती जुना असू शकतो याची मर्यादा ठरवते. थरात शंभर जुनी नाणी असोत, एक नाणे १९५०चे निघाले की तो थर १९५०च्या आधी बंद झालेला असू शकत नाही. होकायंत्र, बाटली, पिशवी यांनाही हाच नियम लावा. वस्तूत जुने काय आहे हे शोधू नका. सर्वांत नवे काय आहे ते शोधा. मात्र तो भाग नंतरच्या दुरुस्तीत बदललेला नाही ना, हेही तपासा.

९/
या नियमासाठी काही टप्पे पाठ करून ठेवावेत. फुलीची खाच असलेला स्क्रू : १९३६ किंवा नंतर. लंडनच्या पत्त्यात ‘डब्ल्यू. १’ किंवा ‘ई. सी. ४’ असा क्रमांकित विभाग : १९१७ किंवा नंतर. अंधारात स्वतःहून चमकणारी तबकडी : रेडियमचाच शोध १८९८चा आहे, तेव्हा १८८५च्या होकायंत्रावर रेडियमचा रंग म्हणजे शिवरायांच्या मनगटावर घड्याळ. वेल्क्रो : त्याचे पेटंट १९५५चे. तीन पात्यांचे किरणोत्सर्गाचे चिन्ह : ते १९४६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे तयार झाले, म्हणून ते चिन्ह असलेले होकायंत्र दुसऱ्या महायुद्धातले नाही.

१०/
आकड्यांचेही तसेच. अनेक विक्रेते ‘महायुद्धातला’ म्हणून जो माल दाखवतात, त्यावर तेरा आकडी क्रमांक असतो. तो नाटो देशांचा साठा-क्रमांक आहे, आणि नाटोचीच स्थापना १९४९ची! पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात, उदाहरणार्थ ६६०५ म्हणजे दिशादर्शक उपकरणे. पुढचे दोन आकडे देश सांगतात : ९९ म्हणजे ब्रिटन, १२ म्हणजे जर्मनी, ०० किंवा ०१ म्हणजे अमेरिका. अमेरिकेत १९७४पर्यंत हा क्रमांक अकरा आकडी होता. अमेरिकी मालावर ‘डी. एस. ए. १००-६८’ अशी सुरुवात असलेला कंत्राट क्रमांक दिसला, तर ६८ म्हणजे आर्थिक वर्ष १९६८. तो काळ व्हिएतनाम युद्धाचा, नॉर्मंडीचा नव्हे.

११/
मग खरे होकायंत्र कसे असते? पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैन्याचे परिचित होकायंत्र ‘व्हर्नर्स पॅटर्न’ म्हणून ओळखले जाते. मागच्या बाजूस निर्मात्याचे नाव, अनुक्रमांक, साल आणि बाण असतो. मागणी इतकी होती की, काही होकायंत्रे जिनिव्हातल्या कंपन्यांनी बनवली. त्यांवर ‘लंडन’ नाही म्हणून ती खोटी ठरत नाहीत. दुसऱ्या महायुद्धातील ‘मार्क ३’ द्रवाने भरलेले असते. त्याची तबकडी शिंपल्याची, पितळी घर काळ्या रंगाने झाकलेले. कारण उघड आहे : रणांगणावर चमकणारे पितळ म्हणजे शत्रूला दिलेली खूण. प्रतिकृतीचे पितळ मात्र लख्ख असते, कारण तिला फक्त ग्राहकाला खुणावायचे असते.

१२/
एक इशारा येथेच देतो. जुन्या सैनिकी होकायंत्रांच्या आणि घड्याळांच्या चमकत्या रंगात रेडियम असू शकते. रंग आता चमकत नाही म्हणून तो निरुपद्रवी झाला असे समजू नका. चमकणारे रसायन काही दशकांत थकते, पण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे आहे. अशी वस्तू उघडू नका, तबकडी खरवडू नका, हाताळल्यावर हात धुवा, उशाशी ठेवू नका. आणि गोळा, काडतूस, हातबाँब असे काही दिसले तर त्याला हात न लावता पोलिसांना कळवा. कुतूहलापेक्षा बोटे मोलाची आहेत.

१३/
कापडी साहित्याच्या परीक्षा वेगळ्या असतात. अतिनील प्रकाशाची छोटी विजेरी संग्राहकांना प्रिय आहे. आधुनिक धाग्यांत उजळपणासाठी मिसळलेली रसायने त्या प्रकाशात निळसर चमकतात, जुना सुती धागा सहसा चमकत नाही. पण या परीक्षेची भक्ती करू नका. १९४३ची अस्सल पिशवी कुणी नंतर धुण्याच्या पावडरीत भिजवली असेल, तर तीही चमकेल. उलट हुशार नकलाकार जुन्या ताडपत्रीचे कापड वापरेल, ते चमकणार नाही. एकाच परीक्षेवर निकाल देणे हे इतिहासाचे काम नव्हे. शिवण, कापड, बक्कल आणि ठसा या चारही साक्षीदारांचे जबाब जुळले पाहिजेत.

१४/
आकारावर विसंबणे ही आणखी एक चूक. लोखंडी पत्र्याची, निळसर एनॅमल चढवलेली, वरून खाकी लोकरी कापड शिवलेली, दोरीने बुच बांधलेली पाण्याची बाटली ब्रिटिश सैन्यात दोन्ही महायुद्धांत होती. नुसत्या रूपावरून ‘पहिल्या महायुद्धातली’ असे म्हणणे म्हणजे धोतर पाहून शतक सांगणे. अमेरिकी बाटल्यांचे सोपे आहे. त्यांच्यावर ‘यू. एस.’, निर्माता आणि साल ठसवलेले असते. त्या आपल्या बाजारात कशा, असा प्रश्न पडू नये. ब्रह्मदेश आघाडीकडे निघालेले अमेरिकी सैनिक मुंबई आणि कराची बंदरांत उतरत होते.

१५/
आणि साल खरे निघाले तरी ते निर्मितीचे असते, वापराचे नव्हे. १९४३ची बाटली १९४४ला ब्रह्मदेशात गेली असेल, किंवा कोठारातच पडून राहिली असेल. १९६२च्या चीन युद्धात आपले जवान .३०३ रायफली घेऊन लढले, तेव्हा ब्रिटिशकालीन साहित्य स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ वापरात होते हे उघड आहे. बाटली, तिचे बुच आणि तिची पट्ट्यांची जाळी यांची सालेही वेगवेगळी असू शकतात. ‘इम्फाळला लढलेली बाटली’ असे म्हणायचे असेल, तर इम्फाळचा पुरावा हवा. नसेल तर ‘१९४३ची, भारतीय बनावटीची’ एवढेच म्हणावे. ते पुरेसे आहे.

१६/
जीव वाचवण्यासाठी दिलेल्या साहित्यात आपल्या भाषांशी थेट नाते सांगणारी एक वस्तू आहे. विमान पाडले गेल्यास वैमानिकाने स्थानिकांना दाखवायचा कापडी किंवा कागदी मजकूर : मला सुखरूप पोहोचवा, सरकार इनाम देईल. अनेक लिपींत छापलेल्या या मजकुराला इंग्रजीत ‘चिट’ म्हणत, आणि तो शब्द आपल्या ‘चिठ्ठी’च्या कुळातला आहे. या चिठ्ठ्यांना आज मोठी किंमत येते, म्हणून नकलाही उदंड. येथे तुमची भाषाच भिंगाचे काम करते. अक्षरे तुटलेली आहेत का, आजच्या संगणकी वळणाची आहेत का, वाक्य अर्थपूर्ण आहे का, हे आपण परदेशी संग्राहकापेक्षा चांगले ओळखू शकतो.

१७/
आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप : ‘एवढी चिकित्सा कशाला? हौस आहे.’ हौस जरूर करा. प्रतिकृती म्हणून प्रतिकृती घ्या, टेबलावर ठेवा, माझीही अजून आहे. पण हौशीचे रूपांतर ‘माहिती’त होते तेव्हा ती हजारो लोकांच्या डोक्यात जाते. कोणत्या काळी कोणती वस्तू होती, कोण ती वापरत होते, कोठे बनत होती, यांविषयी चुकीचे चित्र तयार होते. ते पुसायला चित्रफितीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. तुम्ही भाबडेपणाने सांगितले म्हणून ते खरे होत नाही.

१८/
दुसरा आक्षेप अधिक गोड आहे : ‘खोटे असले तरी मुलांना इतिहासाची गोडी लागते ना?’ कशाची गोडी लागते ते नीट पाहा. पितळेची, लंडनच्या नावाची, साहेबाच्या खिशाची. ही गोडी लागलेला मुलगा बाजारात गेला की चकाकणाऱ्या वस्तूकडेच धावतो. मळकट पट्टा, पोचे आलेला डबा, शाईचा पुसट ठसा त्याला दिसतच नाही. चव बिघडवून भूक वाढवली, याला गोडी म्हणत नाहीत.

१९/
आता तो बाण आणि ‘आय’. माझ्या फसवणुकीनंतर दोन वर्षांनी त्याच बाजारात, भंगाराच्या ढिगात, मला बाटली अडकवायची खाकी सुती पट्ट्यांची जाळी सापडली. ओबडधोबड वीण, एक टोक कुरतडलेले. आतल्या बाजूला शाईत बाण, त्याखाली ‘आय’, आणि १९४३. चाळीस रुपयांना घेतली. विक्रेता म्हणाला, “दादा, चिंध्या कशाला घेताय? हे पितळी बघा ना!” त्याने पुढे केले ते १८८५चेच होकायंत्र. मला हसूही आले नाही. खरे चाळीसला पडून होते आणि खोटे हजारांत विकले जात होते.

२०/
ती चिंधी कोणत्या इतिहासाची साक्षीदार आहे? दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्यात सुमारे २५ लाख माणसे होती, सक्तीच्या भरतीविना. त्यांत यशवंत घाडगे होते, १० जुलै १९४४ रोजी इटलीत वीरमरण आलेले. नामदेव जाधव होते, ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी साथीदारांना वाचवणारे. दोघेही मराठा पलटणींचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. ऑक्टोबर १९४१मध्ये बेळगावला उभी राहिलेली महार रेजिमेंटही याच युद्धातली. या माणसांच्या अंगाखांद्यावर १८८५चे लंडनी पितळ नव्हते. त्यांच्याकडे होते ते खाकी, सुती, पत्र्याचे साहित्य, त्यातले बरेचसे याच देशातल्या कामगारांनी शिवलेले आणि ठोकलेले.

२१/
त्या कामगारांची करामत पाहायची तर एकच उदाहरण पुरे. १९४४च्या सुमारास ब्रह्मदेश आघाडीला रसद विमानातून टाकायची होती आणि रेशमी छत्र्यांचा तुटवडा होता. चौदाव्या सैन्याचे सेनापती विल्यम स्लिम यांनी बंगालच्या तागाकडे मोर्चा वळवला. कलकत्त्याच्या गिरण्यांच्या साहाय्याने तागाच्या हवाई छत्र्या तयार झाल्या. त्यांना नाव पडले ‘पॅराज्यूट’. माणसांसाठी नव्हे, पण धान्य-दारूगोळ्यासाठी त्या उत्तम चालल्या. असा तागाचा जीर्ण तुकडा उद्या एखाद्या ढिगात आला, तर आपल्यापैकी किती जण त्याला पोत्याहून वेगळा समजतील? आपल्याला लंडन वाचता येते, ताग वाचता येत नाही.

२२/
म्हणून बाजाराच्या आधी घरी पाहा. साताऱ्याच्या मिलिटरी अपशिंगेसारखी गावे सर्वांना ठाऊक आहेत, पण पणजोबांची काळी ट्रंक कितीतरी घरांच्या माळ्यावर आहे. तिच्यातली वस्तू मिळाली तर पहिली आज्ञा : साफ करू नका. चिंचेने घासलेले पितळ उजळते आणि त्यावरचा मूळ रंग, बारीक ओरखडे, उथळ ठसे जातात. धुतलेल्या पट्ट्यावरची शाई कायमची जाते. आधी तिरप्या उजेडात छायाचित्र काढा, मोजपट्टी शेजारी ठेवा, प्रत्येक अक्षर जसे दिसते तसे उतरवा. न वाचता आलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या, अंदाज नको.

२३/
दुसरी आज्ञा : वस्तू कोठून आली ते त्याच दिवशी लिहून ठेवा. कोणाकडून, कधी, सोबत आणखी काय होते, घरातल्या थोरांनी काय सांगितले. त्यांची आठवण आणि तुमचा तर्क वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. तिसरी : १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाची, शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तिच्या निर्यातीवर कडक बंधने आहेत. पहिल्या महायुद्धातील साहित्य आता त्या वयाचे झाले आहे. परदेशी संग्राहकाला टपालाने पाठवण्याआधी हे ध्यानात ठेवा.

२४/
माझे १८८५चे होकायंत्र मी फेकले नाही. ते १९४३च्या जाळीशेजारी ठेवले आहे, खाली चिठ्ठी लावून : ‘प्रतिकृती, अलीकडची, किंमत १,८०० रुपये आणि थोडा अहंकार.’ घरी येणारा प्रत्येक जण आधी पितळच उचलतो. मग मी त्याच्या हातात भिंग देतो आणि जाळीची आतली बाजू उलटून दाखवतो. बाण सापडायला अर्धे मिनिट लागते, ‘आय’ सापडायला आणखी थोडे. तुमच्या घरात असा ठसा असेल तर त्याचे छायाचित्र खाली लावा. वस्तू न घासलेली असावी, एवढीच अट. आपण मिळून वाचू.

(धागा समाप्त)